दोन बातम्यांमधला थांबा

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, वर्तमानपत्र निघत नाही त्या सकाळी, विलेपार्ले पूर्वेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरचा सर्व्हर सेवेतून बाहेर काढण्यात आला. दुपारी तो पुन्हा सुरू झाला. मधल्या वेळात त्याला चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या चार आवृत्त्या एकामागून एक बदलल्या. त्याआधी जवळपास दहा वर्षे त्याला कोणी हात लावलेला नव्हता. हे काम मी केले.

सर्व्हर म्हणजे टेबलाखाली मावेल एवढा काळा डबा होता. त्याचे काम एकच. रोज सकाळी या खोलीत तिघी-चौघी जणी येत आणि त्या दिवशीचे मराठी वर्तमानपत्र मायक्रोफोनसमोर मोठ्याने वाचत. प्रत्येक बातमी स्वतंत्र रेकॉर्ड होई. ज्यांना दिसत नाही ते लोक घरून एका नंबरवर फोन लावत. एक दाबले की पहिले पान, दोन दाबले की शहर, तीन दाबले की खेळ. डबा फोन उचलून बातम्या ऐकवत असे. वसईपासून ठाण्यापर्यंतचे लोक फोन लावत. आपण पेपर ऐकतो असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नसे. सगळे ‘वाचला’ असेच म्हणत.

वाचणाऱ्यांमधल्या सर्वांत जुन्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. माझी धाकटी बहीण त्यांच्या वर्गात होती. मी एका दैनिकाच्या बातम्यांच्या डेस्कवर बरीच वर्षे काढली, शेवटची काही वेबसाइटच्या विभागात. सर्व्हर तिथे शिकलो. मी निवृत्त झाल्यावर बाईंनी बहिणीकडून माझा नंबर मिळवला आणि मुलुंडला माझ्या घरी फोन केला.

“अरे, तुला ते डब्यांचं कळतं ना? मग ये इकडे. चहा चांगला मिळेल.”

डबा बसवला होता पवईत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने. शिक्षण संपल्यावर तो परदेशी गेला. जाताना त्याने डब्यावर कागद चिकटवला: ‘बंद करू नये’. बटण दाबू नये एवढाच त्याचा अर्थ होता. खोलीतल्या लोकांनी तो अधिक व्यापक घेतला. डबा हलवला गेला नाही, पुसला गेला नाही, अपडेट तर नाहीच. दरवर्षी दसऱ्याला मात्र त्याची पूजा होई. झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर पेढा.

मी पहिल्यांदा झाकण उघडले तेव्हा पंख्याच्या पात्यांत वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. सीडीचा खण बाहेर काढला. त्यात आपट्याची पाने एकावर एक रचलेली होती. खालची काळी पडली होती, वरचे पान जरा हिरवट होते.

“सोनं आहे ते,” बाई म्हणाल्या. “टाकायचं नाही हं.”

“बाई, यात सीडी घालतात.”

“आमच्याकडे कुठे आहे सीडी? सोनं आहे.”

पाने एका बशीत काढून ठेवली. पाकळ्या ब्रशने झाडल्या. पंखा साफ झाल्यावर त्याची घरघर थांबली, तेव्हा मायक्रोफोनसमोर वाचणाऱ्या एक जणी धावत आल्या. “बंद पडला की काय?” त्यांना बोट पंख्यासमोर धरून वारा दाखवावा लागला.

इतकी वर्षे चाललेले काम आताच का करायचे, याला कारण होते. फोनची लाइन पुरवणाऱ्या कंपनीने कळवले होते की दिवाळीनंतरच्या पहिल्या तारखेपासून जोडणीची जुनी पद्धत बंद होणार. नवी पद्धत अधिक सुरक्षित होती आणि ती या डब्यावरच्या जुन्या लिनक्सला येत नव्हती. अपडेट झाले नाही तर त्या तारखेपासून नंबर लागणार नव्हता.

बाईंनी ही गोष्ट लपवली नाही. त्यांनी ती रोजच्या पेपरच्या सुरुवातीला वाचून दाखवली: दुरुस्ती चालू आहे, ती जमली तर सेवा चालू राहील. घोषणा वाजली त्याच सकाळी खोलीतला फोन खणखणला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

“काय गो बाय, माझो पेपर बंद करतलात?”

हे बोरीवलीचे काका. वडील कोकणातून गिरणीत आलेले. काका स्वतः एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. दृष्टी लहानपणीच गेली होती. नेहमी ते चारचौघांसारखे मुंबईचे मराठी बोलत. चिडले किंवा खूश झाले की मालवणीवर येत. बाईंनी सांगितले की दुरुस्ती करणारा माणूस इथेच बसला आहे.

“कोण रे तू? मेकॅनिक?”

“नाही काका, पेपरवाला. डेस्कवर होतो.”

“मग तर वाट लागली. पेपरवाल्याला स्क्रू ड्रायव्हर कोणी दिला?”

खोलीत हशा पिकला. काकांनी तो संपू दिला आणि मग नीट सांगितले. त्यांच्या सोसायटीच्या गेटपाशी एक बाक होता. सकाळी नाश्ता झाला की चार-पाच निवृत्त मंडळी तिथे जमत. सगळ्यांना दिसत होते, सगळ्यांकडे चष्मे आणि मोबाइल होते, पण पेपर कोणीच उघडत नसे. बातम्या काका सांगत. आधी शहर, मग खेळ, शेवटी पहिले पान, कारण त्यावर भांडण होई.

“ते मला विचारतात रे. काका, आज काय? पेपर बंद झाला तर मी काय सांगू? नुसता बाकावर बसणार. नुसतं बसायला मला कोणी बोलावत नाही.”

“बंद नाही होणार,” बाई म्हणाल्या.

“तू नको सांगू. त्याला सांगू दे.”

मी सांगितले की प्रयत्न चालू आहे, पूर्ण झाल्यावर कळवतो. डेस्कवर पुष्टी न झालेल्या बातमीबद्दल एवढेच सांगायची पद्धत होती.

कामाची रीतही डेस्कचीच ठेवली. आमच्या दैनिकाची डाक आवृत्ती संध्याकाळी छापून लांबच्या जिल्ह्यांत जाई. तिच्यात दिसलेल्या चुका शहर आवृत्तीत दुरुस्त होत. त्याप्रमाणे डब्याची संपूर्ण नक्कल मुलुंडला घरच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवली आणि आधी तिचे अपडेट केले. ही डाक आवृत्ती. पार्ल्याचा डबा म्हणजे शहर आवृत्ती. तिला शेवटी हात लावायचा.

इतक्या जुन्या लिनक्सला एकदम नव्यावर नेता येत नाही. मधली प्रत्येक आवृत्ती घ्यावी लागते. पहिलाच टप्पा जागा नसल्यामुळे थांबला. शोधल्यावर कळले की डबा बसवल्यापासून आलेल्या प्रत्येक फोनची नोंद तो स्वतःच्या पोटात लिहीत आला होता आणि ती पुसायला त्याला कोणी सांगितले नव्हते. जुन्या नोंदी काढल्या. पुढचे टप्पे सुरळीत गेले. मध्ये एका ठिकाणी लिनक्सने प्रश्न विचारला. फोनवर आवाज ऐकवणाऱ्या प्रोग्रामची एक फाइल डब्यावर बदललेली होती आणि नव्या आवृत्तीत त्याच फाइलची नवी प्रत आली होती. जुनी ठेवू की नवी लावू?

डेस्कवर एकाच बातमीच्या दोन प्रती आल्या तर नंतरची लावतात, आधीची टाकतात. याचा कोणी विचार करत नाही. हात आपोआप करतो. मी नवी लावली. चाचणीसाठी माझ्याच आवाजात एक बातमी रेकॉर्ड केली, फोन लावला, ती स्वच्छ ऐकू आली. डाक आवृत्ती निघाली असे बाईंना कळवले.

शहर आवृत्तीसाठी दिवस ठरवणे सोपे होते. वर्तमानपत्राच्या कार्यालयांना वर्षात मोजक्या सुट्ट्या असतात आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. लक्ष्मीपूजनाची सुट्टी त्यांतली एक. अंक नाही म्हणजे वाचन नाही, आणि डबा रिकामा. बाईंनी आदल्या दिवशी फोनवरच्या वाचकांना सांगून ठेवले.

त्या सकाळी खोलीत कोणाचे काही काम नव्हते, तरी सगळ्या आल्या. प्रत्येकीने फराळ आणला होता. चार घरच्या चकल्या एका ताटात आल्या आणि कोणाची कुरकुरीत यावर मत घेण्यात आले. मला निकाल द्यायला सांगितले. मी टिप्पणी करण्यास नकार दिला.

“पेपरवाले असेच,” एक जण म्हणाली. “सगळ्यांच्या खातात आणि कोणाचंच नाव घेत नाहीत.”

“बशी तिकडे ठेव आधी,” बाई म्हणाल्या. “शेव कीबोर्डात जाईल.”

पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकत होत्या. दर टप्प्याला डबा एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि दर वेळी बोलणे थांबे. दिवा लागला की पुन्हा सुरू. जुन्या-नव्या फाइलचा प्रश्न इथेही आला. त्याचे उत्तर ठरलेले होते. दुपारी चौथा टप्पा संपला. बाईंनी दिवाळीच्या शुभेच्छांची दोन वाक्ये रेकॉर्ड केली आणि स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला. नव्या पद्धतीने लाइन जोडली गेली. बाईंना बाईंचा आवाज ऐकू आला.

“झकास!” त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून त्या खोलीत कोणी आधी ऐकलेला नव्हता. त्यांनी बशीतली आपट्याची पाने उचलून सीडीच्या खणात परत ठेवली आणि खण आत ढकलला. मी बोरीवलीला फोन करून काम पूर्ण झाल्याचे कळवले. काका म्हणाले, “उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी अंक निघाला. सकाळी तो वाचला गेला. मी दुपारी खोलीवर पोचलो तेव्हा बाई कानाला फोन लावून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी मला पाहिले आणि फोन स्पीकरवर टाकला.

“आलो काय तो पेपरवालो?” काका विचारत होते.

“आलो काका. काय झालं?”

“काय झाला? मेल्या, बातमी खंय संपली नि खंय सुरू झाली, कायेक समाजना नाय! बाकावर काय सांगितलं मी, माहितीये? शहराच्या पानावर आयुक्त म्हणाले, रस्त्यांवरचे खड्डे आठवडाभरात बुजवा. पुढे लगेच, उरलेला चिवडा मिक्सरमधून जाडसर फिरवून घ्यावा. एका दमात! मी तसंच सांगितलं. आयुक्तांनी खड्ड्यांसाठी उरलेला चिवडा मागवलाय म्हणून.”

खोलीत आधी एक जण हसली, मग सगळ्या. ती बातमी आणि ती पाककृती दोन्ही त्याच सकाळी बाईंनी वाचल्या होत्या. आवाज एकच असल्यामुळे सांधा कळायला वाव नव्हता.

“हसा,” काका म्हणाले. “इकडे पण हसले. आमचा गुजराती शेजारी विचारतो, काका, जाड पोह्यांचा चालेल की पातळ पोह्यांचा? उद्यापासून चिवडा घेऊन बाकावर येणार म्हणतो. इतकी वर्षं मी बाकावर चुकीची बातमी दिली नाही रे. एक नाही. उद्या मी काही खरं सांगितलं तरी हे चिवडा चिवडा करणार.”

मी विचारले की बाकी काही बदल वाटतो का.

“थांबा गेला ना! दोन बातम्यांच्या मध्ये तो गप्प व्हायचा. तेव्हाच तर मी बातमी पाठ करायचो. आता गप्पच होत नाही. नळ सोडल्यासारखा चालू.”

फाइलचा प्रश्न तेव्हा आठवला. मुलुंडच्या लॅपटॉपवर अपडेटआधीच्या मूळ नकलेची एक प्रत राखून ठेवलेली होती. त्या लॅपटॉपला इथून इंटरनेटवरून जोडून घेतले आणि जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी लावून पाहिल्या. फरक एका ओळीचा होता. जुन्या फाइलमध्ये प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर सात सेकंद शांतता ठेवायला सांगितले होते. नव्या प्रतीत ती ओळच नव्हती. चाचणीत हे दिसणे शक्य नव्हते, कारण चाचणीत दोन्ही वेळा एकच रेकॉर्डिंग होते. एका बातमीच्या पानावर दोन बातम्यांमधली मोकळी जागा तपासता येत नाही.

ओळ परत घातली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. काकांना सांगितले की घरच्या दुसऱ्या फोनवरून नंबर लावा, तो स्पीकरवर ठेवा आणि हा फोन तोडू नका, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल. बटणांचे आवाज आले. मग बाईंचा आवाज बोरीवलीला जाऊन पार्ल्याला परत आला.

आयुक्त, खड्डे, आठवडाभर. बातमी संपली. शांतता झाली.

त्या शांततेत काका हळू आवाजात बोलले. आमच्याशी नव्हे, आम्ही ऐकतो आहोत हे बहुधा ते विसरले होते. “खड्डे. आठ दिवसात म्हणतात. बघू.”

मग उरलेला चिवडा मिक्सरमध्ये गेला. शांतता. “चिवड्याचे कटलेट. हिला सांगायचं.”

मग घाटकोपरच्या जलवाहिनीची बारा ओळींची बातमी. शांतता. “घाटकोपरला उद्या पाणी नाही.”

बाई गेली कित्येक वर्षे वाचत होत्या; वाचलेले पलीकडे पोचल्यावर त्याचे काय होते हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. माझ्यापुरते सांगायचे तर बारा ओळींच्या बातमीचे ते शीर्षक मलाही तेवढ्या वेळात जमले नसते.

“तोच,” काका फोनवर मोठ्याने म्हणाले. “तोच थांबा. पण ऐक, जरा वाढव ना. वय झालं रे, आता पाठ व्हायला वेळ लागतो.”

ओळीतला आकडा बदलणे अवघड नव्हते. बाईंनी हात वर करून मला थांबवले. इतरांनाही विचारले पाहिजे, त्या म्हणाल्या. त्यांनी रोज फोन लावणाऱ्या घाटकोपरच्या एका बाईंना दुसऱ्या मोबाइलवरून फोन केला आणि थांबा वाढवला तर चालेल का म्हणून विचारले.

“नको गं बाई,” पलीकडून उत्तर आले. “तेवढ्यात मी पोळी उलटते. वाढवलास तर करपेल.”

दोन्ही फोन शेजारी धरलेले असल्यामुळे हे बोरीवलीला ऐकू गेले.

“कोण ती?” काकांनी विचारले.

“घाटकोपरची वाचक आहे मी. तुम्ही कोण?”

“मी बोरीवलीचो. तुमच्याकडे उद्या पाणी नाही.”

“पोळीच्या आधी ऐकलं ते. भरून ठेवलंय.”

“पोळ्या किती असतात?”

“पहिल्या पानाला चार. खेळाला दोन. तुमचं काय चाललंय मध्येच?”

“पाठांतर. असूद्या, सातच ठेवा. बाईची पोळी करपवून मला बातमी नको.”

आकडा सात राहिला. फोन मात्र लगेच ठेवले गेले नाहीत. बोरीवलीने घाटकोपरला चिवड्याची हकीकत सांगितली, घाटकोपर इतके हसले की त्यांच्या घरातले कोणी विचारायला आले. बाई मध्ये दोन्ही हातांत दोन मोबाइल धरून उभ्या होत्या. हात भरून आले तेव्हा त्यांनी एक मला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला तो बाकावरून. मागे बरीच माणसे एकदम बोलत होती. आज सगळ्या बातम्या बरोबर गेल्या, काकांनी कळवले. गुजराती शेजाऱ्याने त्यांच्या हातातून फोन घेतला.

“साहेब, पेपर चालू झाला ते ठीक. पण कालची बातमी जास्त चांगली होती ना. महिन्यातून एकदा तशी द्या.”

“दे रे फोन इकडे,” मागून काका म्हणाले. “चिवडा आणलाय याने, खरंच आणलाय. ठेवतो.”

कंपनीने कळवलेली तारीख आली आणि गेली. नंबर लागत राहिला. त्यानंतर असे ठरले की वर्तमानपत्राला सुट्टी असेल त्या प्रत्येक वेळी डब्याचे अपडेट करायचे, म्हणजे पुन्हा वर्षे साचणार नाहीत. ‘बंद करू नये’ हा कागद काढला नाही. बाईंनी त्याच्याखाली स्वतःच्या शाळेतल्या अक्षरात लिहिले: ‘अंक नसेल त्या दिवशी चालेल.’

पुढची सुट्टी प्रजासत्ताक दिनाची होती. दुसऱ्या दिवशी अंक नव्हता. खोलीत तिळगूळ उरलेला होता, तो वाटला गेला. अपडेट चहा होईपर्यंत संपले. मध्ये लिनक्सने विचारले की त्या फाइलची जुनी प्रत ठेवू की नवी लावू. बाई खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. जुनी ठेवली.

चाचणीला या वेळी दोन बातम्या रेकॉर्ड केल्या.

त्यानंतरच्या सकाळी अंक निघाला. बोरीवलीहून फोन नेहमीच्या वेळी लागला. आधी दोन दाबले गेले, मग तीन, मग एक. फोन शेवटच्या बातमीपर्यंत, आणि तिच्यानंतरचे सात सेकंद, चालू होता.